पुस्तक अंगानं परत करायचं

त्या खोलीचा वास अजून तसाच आहे. एरंडेल, दमट कागद, कडुनिंबाचा सुका पाला आणि खालून वर येणारी अखाड्याच्या मातीची वाफ. शुक्रवारी संकठादेवीला गेले होते. परतताना गलीत व्यायामशाळेचं दार उघडं दिसलं, तर गेले आत. जुन्या वस्तादांचा, अण्णांचा नातू सांभाळतो आता सगळं. त्याचेही केस पिकायला लागलेत. मला बघून म्हणाला, काकू, वर कशाला चढता, खालीच बसा, चाय मागवतो. म्हटलं, चाय वर पाठव. आणि भिंतीला हात लावत जिना चढले. भिंतीतले खड्डे हाताला अजून पाठ होते.

वर लायब्ररीची सगळी कपाटं उभी आहेत. दोन-तीनांच्या काचा गेल्यात. फडक्यात बांधलेले गठ्ठे आहेत, वर धूळ आहे. मी पदरानं एक फळी पुसली. सवय जात नाही.

काशीत पोथ्यांना काय तोटा? आमच्या इथल्या मराठी लोकांत तर घरोघर पोथ्या. पण या खोलीत देवाधर्माचं पान नव्हतं. इथे सगळी अंगाची विद्या. कुस्तीची पुस्तकं, मल्लखांबाची, लाठीची, जोडी म्हणजे जड मुद्गल आणि गदा फिरवायची, हुतुतूची, खो-खोची, गंगेत कसं पोहावं आणि बुडत्याला मागून कसं धरावं याचंही एक. मराठी होती, हिंदी होती, उर्दूही होती. एक जाडजूड इंग्रजी होतं, त्यातले गोरे पहिलवान मिशा पिळून उभे. कुस्त्यांच्या दंगलीच्या बातम्यांची कात्रणं लाल फडक्यात बांधलेली. पहिलवानांचे फोटो एका पेटीत, कापूर घालून ठेवलेले. आणि एक लांबच लांब कापडाचा गुंडाळा होता. कोणे एके काळी एका पाट्या रंगवणाऱ्यानं त्यावर मल्लखांबाचा एकेक हात रंगवला होता. तो उलगडला की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माणसं खांबावर चढत जायची. सगळ्यांची तोंडं एकसारखी, त्या रंगाऱ्याच्या भावासारखी म्हणे.

मी दुसरीपर्यंत शिकले. अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, पण वाचायला बसले की घरातलं काम आठवतं. मला ती पुस्तकं वासानं आणि डागांनी ओळखू यायची. पहिलवानाच्या हातचं तेल कितीही पुसा, कागदाला लागतंच. ज्या डावाच्या पानावर फार अंगठे पडले, तो कागद तेलानं आरपार व्हायचा. धोबीपछाडीच्या पानातून मागचा डाव दिसायचा. म्हणजे एक माणूस पाडलेला आणि त्याच्या पोटातून दुसरा उठतोय, असं.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. गलीगलीत फोनचे बूथ लागले होते, छतांवर केबलच्या तारा आल्या होत्या. आमचे हे त्याच व्यायामशाळेत मल्लखांब शिकवायचे. ते गेले. कसे गेले ते सांगत नाही, सांगून काय होतं? सासरी जागा नव्हती. कमेटीनं जिन्याखालची कोठरी दिली मला आणि वैजूला. वैजू माझी मुलगी, तेव्हा दहा-अकराची असेल. त्या जागेबद्दल लायब्ररी झाडायची, पाणी भरायचं, मल्लखांबाला लावायला एरंडेल गरम करायचं, पुस्तकांत पाला घालायचा. अखाड्याची माती मात्र झाडायची नाही. बाईनं त्या मातीत पाय ठेवायचा नाही, हा नियम. मी कडेकडेनं चालायची. पदर आवरून, भिंतीला घासत. इतकी वर्षं चालले की भिंतीला माझ्या खांद्याची रेघ पडली असेल.

थंडीत आम्हाला एकच गोधडी. दोन वेळचं अन्नछत्रातून यायचं, कधी भात कधी नुसतं वरण. मी हे रडून सांगत नाही. होतं ते असं होतं.

पहाटे अखाडा जागा व्हायचा तो आवाजानं. आधी फावडं. माती खणायचे, तिच्यात हळद, ताक, मोहरीचं तेल. मग जोडी फिरायची, तिचा तो घूं घूं आवाज. मग मांडीवर थाप. मग संकठादेवीची घंटा. कोठरीत पडल्या पडल्या मला कळायचं कोण आलंय. लल्लन आला की आधी खोकायचा, मग महादेवाचं नाव घ्यायचा, मग दुधाची कासंडी आमच्या दारात आपटायची. लल्लन अहीर होता, शिंदे घाटाच्या वर त्याच्या म्हशी. मला भौजी, म्हणजे वहिनी, म्हणायचा. कासंडीच्या तळाशी थोडं दूध ठेवून म्हणायचा, भौजी, हे धुऊन ठेवा. धुवायला दिलेली कासंडी कधी रिकामी नसायची. 

दुपारी अण्णा यायचे. व्यायामशाळेचे वस्ताद तेच, लायब्ररीच्या किल्ल्याही त्यांच्याच जानव्याला. तपकीर ओढायचे. दारातच सगळ्यांना सांगायचे, पान थुंकून या, हात राखेनं धुऊन या. मग एकेक जण मालिश करून घेत पालथा पडायचा आणि अण्णा पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायचे. अर्ध्याहून जास्त पहिलवानांना वाचता येत नव्हतं. मराठी पुस्तक असलं तरी अण्णा थेट हिंदीत वाचत जायचे, मधे अडले की बनारसीत शिवी घालायचे, ती पुस्तकातली नव्हे. खाली पालथे पडलेले डोळे मिटून ऐकायचे. एखाद्याची मांडी आपोआप हलायची. वाचनातच त्याचा पाय अडकवून झालेला असायचा.

आणि त्या लायब्ररीची एक रीत होती. तशी मी आणखी कुठे ऐकली नाही. पुस्तक न्यायला काही लागायचं नाही, परत करायची तारीख नव्हती. पण परत करताना अण्णा पुस्तक हातात घ्यायचे नाहीत. म्हणायचे, कागद आणलास, विद्या कुठाय? मग त्यानं खाली मातीत उतरायचं आणि पुस्तकातलं जे घेतलं ते करून दाखवायचं. सगळ्यांसमोर. जमलं तर अण्णा वरून म्हणायचे, जमा. नाही जमलं तर पुस्तक परत घरी. पान फाडलं तर दंड म्हणजे बैठका. दाखवल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. म्हणजे पुस्तक अंगानं परत करायचं.

लल्लननं एकदा ढाक डावाचं पुस्तक नेलं ते अख्खी थंडी आलंच नाही. वाचता येत नाही तर घूंघट घेतलेली सून म्हशीजवळ उभी राहून वाचायची आणि हा दूध काढत ऐकायचा. मग रेडकावर करून बघायचा. रेडकू त्याला पाहिलं की पळायला लागलं. अखाड्यात सगळे विचारायचे, का हो लल्लन, किताब रेडकूच जमा करणार का? तो हसायचा. होळीच्या आधी एक दिवस त्यानं कुणाला तरी असं उचलून टाकलं की मातीचा धुरळा लायब्ररीच्या खिडकीपर्यंत आला. अण्णा म्हणाले, जमा. लल्लन रडला. एवढा मोठा माणूस, मातीत बसून रडला.

सावनात बाढ यायची. गंगामाई आधी पायऱ्या खायची, मग घाट, मग गलीत शिरायची. व्यायामशाळेच्या खालच्या कोठीत जोड्या, गदा आणि जुन्या मासिकांच्या पेट्या असत. लायब्ररीच्या खिडकीतून एक लाकडी तुळई बाहेर काढलेली होती, बरोबर अखाड्याच्या मातीवर. तिला कप्पी. बाढीत त्या कप्पीनं पेट्या वर ओढायच्या. खिडकी मोठी, दाराएवढी, तिला काहीच नव्हतं, ना गज ना जाळी. पाणी उतरल्यावर सगळ्या पुस्तकांना ओल धरायची. मग अश्विनातल्या उन्हात छतावर चटया टाकून पुस्तकं वाळवायची. हे काम बायकांचं. चिकटलेली पानं विणायच्या सुईनं सोडवायची, दर पानात पाला घालायचा. मातीत पाय नको, पण मातीची पुस्तकं वाळवायला आम्ही चालायचो.

त्या उन्हात वैजूला ते पुस्तक सापडलं. दोरीच्या मल्लखांबाचं. पातळसं, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यात फोटो होता, पांढऱ्या झग्यांतल्या मुली दोरीवर, हवेत आडव्या, जशा काही खाटेवर निजल्यात. वैजूच्या वडिलांनी तिला लहानपणी दोरीवर चार हात शिकवले होते. ती तिथेच बसली. बाकीची पुस्तकं वाऱ्यानं फडफडत होती, हिचं लक्ष नाही. मी तिच्या हाताला सुई टोचली तरी हलली नाही. मग म्हणाली, आई, हे मला पाहिजे.

दसऱ्यापर्यंत पुस्तकं उघडायची नसतात, पूजेला मांडलेली असतात. दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि मी तिला घेऊन अण्णांकडे गेले. अण्णांनी पुस्तक उलटंपालटं केलं. वाईट माणूस नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्यायला काय, कुणीही नेईल. परत कसं करणार ती? मातीत उतरता येत नाही तिला."

म्हटलं, "ते तिचं ती बघेल. तुम्ही द्या."

"नियम मी केलेला नाही."

"मग तुम्हाला मोडायला कुठे सांगते? तुमच्या नियमात न्यायला मनाई आहे का?"

अण्णांनी तपकीर ओढली, शिंकले आणि पुस्तक दिलं. मला वाटतं त्या शिंकेत त्यांनी विचार केला.

कमेटीचे बापूसाहेब होते. त्यांच्या कानावर गेलं. कोठरीच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. वहिनी, राहायला जागा दिली आहे, त्यात समाधान माना, म्हणाले. मी भाजी निवडत होते, निवडतच राहिले. म्हटलं, "जागेचं समाधान आहे. पुस्तकाचं तेवढं राहिलंय." ते म्हणाले, जागा पाहिजे ना? म्हटलं, पाहिजे. पुस्तकही पाहिजे. ते निघून गेले. मी वर पाहिलं नाही.

दोरी कुठून आणणार? चांगली जाड सुती दोरी लागते, पायाला कापू नये अशी. माझ्या पेटीत माझी रंगीत लुगडी होती. लग्नातलं हिरवं, एक जांभळं, एक लाल काठाचं. बायकांनी सांगितलं होतं, आता रंगीत नको. नेसायचं नाही, कुणाला द्यायचंही मन नाही, नुसती वाळ्याच्या वासात पडून होती. ती काढली. फाडून पट्टे केले आणि वैजूनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि पीळ घालत गेलो. फाडताना तो आवाज यायचा ना, चर्र, तेव्हा मला बरं वाटायचं. हे खोटं बोलणार नाही. हिरवं, जांभळं, लाल असा पीळ झाला, मनगटाएवढा. आमच्या शेजारची एक म्हातारी बघून म्हणाली, अगं, सवाष्णीची वस्त्रं अशी फाडतेस? म्हटलं, फाडत नाही, वळतेय.

जिन्याच्या पोकळीत वर एक कडी होती, तिला दोरी टांगली. खाली आमची गोधडी अंथरायची. वैजू पडली तर गोधडीवर पडायची, संध्याकाळी तीच गोधडी झटकून आम्ही पांघरायचो. ती पुस्तक वाचून दाखवायची, मी चित्र समोर धरायची. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी घ्यायची, मग दुसऱ्या पायानं तिला वेढा द्यायचा, त्याला अढी म्हणतात. अढी बसली की हात सोडले तरी माणूस पडत नाही. पहिल्यांदा तिनं हात सोडले तेव्हा मी चित्र टाकून धावले. ती वर लोंबकळत हसत होती. तिच्या अंगठ्याला रक्त यायचं. मी हळद भरायची आणि म्हणायची, आज नको. ती म्हणायची, आज. थंडी गेली, उन्हाळ्याची गरम लू वाहायला लागली, जिन्याची पोकळी भट्टीसारखी झाली. घामानं दोरीचा रंग सुटला. पोरीच्या पोटऱ्यांवर हिरवे-जांभळे पट्टे उठले, माझ्या लग्नाचे.

नागपंचमीला सगळ्या बनारसात अखाड्यांचा सण. त्या दिवशी बाहेरची माणसं येतात, दंगल होते, जोडी फिरते. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकंही जमा व्हायची, सगळ्या लोकांसमोर. त्या वर्षी पाणी अजून घाटाच्या खालीच होतं. अखाडा सजवला होता, मातीला फुलं वाहिली होती. गलीपासून जिन्यापर्यंत माणूस. बायका समोरच्या छतावर. बापूसाहेब खुर्चीवर. मी लायब्ररीत होते, वरती, पाणी द्यायचं म्हणून. वैजू माझ्याजवळ. भावाची अर्धी चड्डी आणि सदरा घातला होता, भाऊ म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, त्याचे जुने कपडे.

एकेक जण पुस्तक जमा करत होता. अण्णा खाली मातीच्या कडेला बसले होते त्या दिवशी. सगळ्यांचं झालं. तेव्हा मी खिडकीशी गेले, तुळईच्या कप्पीखाली कडी होती, तिला दोरी अडकवली आणि खाली सोडली. हिरवी, जांभळी, लाल. मातीपासून हातभर वर तिचं टोक थांबलं.  सगळे वर बघायला लागले.

वैजूनं पुस्तक खिडकीत ठेवलं. मला नमस्कार केला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तुळई धरून बाहेर झाली आणि दोरीवर गेली.

मी डोळे मिटले नाहीत. आई होते, तरी मिटले नाहीत. तिनं अढी घातली, हात सोडले, आडवी झाली. फोटोतल्या पोरींसारखी, हवेत निजल्यासारखी. मग उलटी, डोकं खाली, हात जोडलेले. मग खाली सरकली, आणखी खाली, इतकी की तिच्या वेणीचा शेंडा मातीवरच्या फुलांच्या जवळ गेला आणि तिथून, हात न लावता, नुसत्या पायांच्या बळावर उठली.  मला दोरीच्या पिळाचा आवाज ऐकू येत होता, कर्र कर्र. मग ती चढली, वर आली, तुळईला धरलं आणि खिडकीतून आत माझ्यापाशी उतरली.  मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

खाली बापूसाहेब उठले. हे काय चाललंय, मुलीनं अखाड्यात, वगैरे. कुणीतरी त्यांच्या बाजूनं बोलायला लागलं. तेव्हा लल्लन मधे आला. मातीत उभा राहिला, कमरेवर हात ठेवून सगळ्यांना विचारलं, "केहू बतावे, बिटिया क गोड़ माटी में लगल?"

कुणी सांगा, पोरीचा पाय मातीला लागला का. कोण सांगणार? सगळ्यांनी बघितलं होतं. नव्हता लागला. लल्लन म्हणाला, वेणी लागली असेल तर सांगा, वेणीचा नियम काढा. लोक हसले. बापूसाहेबांना हसू आलं नाही.

 अण्णांनी काठी घेतली आणि उठले. खाली सगळे थांबले. जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज येत होता, मधे थांबायचा, परत यायचा. वर आले, धापा टाकत. किल्ल्या काढल्या, कपाट उघडलं, खिडकीतलं निळं पुस्तक उचललं, त्यावर नसलेली धूळ धोतराला पुसली. मग खिडकीत जाऊन खालच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जमा."

आणि वैजूकडे वळून, "आता कोणतं नेतेस?"

असं वाटेल की गोष्ट इथे संपली. लोक इथेच संपवतात. आमची कोठरी गेली. नवरात्राच्या आधी खाली करा, असा निरोप आला. अण्णांनी कमेटीत भांडून बघितलं, त्यांचं कुणी ऐकलं नाही. मी हात जोडायला गेले नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, जा, माफी माग, पोरीचं डोकं फिरलं होतं म्हण. म्हटलं, तिचं डोकं उलटं होतं, फिरलेलं नव्हतं. भांडी, पेटी, गोधडी लल्लनच्या ठेल्यावर टाकली. दोरी मी डोक्यावर घेतली, वेटोळं करून, आणि भर दुपारी सगळ्या गलीतून चालत गेले. बघायचं त्यांनी बघितलं.

पंचगंगा घाटाच्या वर, मोठ्या मशिदीच्या सावलीत एक खोली मिळाली, छतावरची. पत्रा होता, पावसात गळायचा, उन्हात भाजायचा. खाली उतरलं की गंगा, वर चढलं की दम. यात्रेकरूंच्या एका घरात मी पोळ्या लाटायला जायची. धुरानं डोळे गेले थोडे तिथेच. पण छत आमचं होतं, आणि खोलीबाहेर, उघड्यावर, डोक्याच्या वर एक लोखंडी गर्डर आडवा गेलेला होता.

वैजूनं नेलेलं दुसरं पुस्तक आमच्याकडेच होतं. आता परत कसं करायचं? ती म्हणाली, नुसतं देऊन येते ना आई, काय होतं. मी म्हटलं, नाही. नुसतं द्यायचं असेल तर पहिलंच कशाला तसं केलं? ते पुस्तक पुऱ्या थंडीभर फळीवर राहिलं. कधी तिला राग यायचा, कधी मला. एकदा तर बोलणं बंद होतं आमचं, एकाच गोधडीत.

मग एका रविवारी खालून ओळखीचा खोकला ऐकू आला. मी वाकून बघितलं. पंचगंगेच्या त्या उभ्या पायऱ्या लल्लन चढत होता आणि त्याच्या पाठीवर अण्णा, गमछ्यानं बांधलेले, खांद्याला पिशवी. लल्लन म्हणत होता, गुरू, किताब हलकी होती, तुम्ही भारी आहात. अण्णा वरून ओरडत होते, "नीट चाल रे. लायब्ररी आहे मी, पाडशील."

अण्णा छतावर बसले. तपकीर ओढली. गंगेकडे बघत म्हणाले, दाखव. वैजूनं गर्डरला दोरी टाकली. आजूबाजूच्या छतांवर बायका आल्या, पापड उलटायचे सोडून. मशिदीतली अजान झाली, कबुतरं उडाली, त्यांच्या खाली माझी मुलगी हवेत आडवी. ऊन तिच्या अंगावरून सरकत होतं. झालं तेव्हा अण्णा म्हणाले, जमा, आणि पिशवीतून दुसरं काढून दिलं.

असं ते येत राहिले. थंडी, उन्हाळा, बाढ ओसरल्यावर. शेजारच्या छतावरची नावाड्याची पोरगी आधी बघायची, मग दोरीला हात लावून गेली, मग म्हणाली, मुझे भी किताब चाहिए. अण्णांनी तिला विचारलं, परत कशी करशील? तिनं दोरीकडे बोट दाखवलं. मग आणखी एक आली, विणकराची. माझ्या लुगड्यांचा पीळ सैल झाला, रंग गेला, धागे निघाले, मी परत वळून दिली. अण्णा गेले त्या थंडीतही, आमच्या छतावरून आणायचं राहिलेलं एक पुस्तक कुठाय, असं त्यांनी अंथरुणातून विचारलं होतं म्हणे. लल्लनही गेला मागाहून. म्हशी गेल्या. आता तिथे हॉटेल आहे.

लोक विचारतात, मग मुलगी पुढे काय झाली? मेडल मिळालं का, नाव आलं का पेपरात? नाही. कुठलं मेडल? लग्न झालं, जबलपूरला असते, शिलाईचं दुकान आहे, खांदा दुखतो तिचा थंडीत. पायाच्या अंगठ्याशी घट्टा अजून आहे. मी हे सांगितलं की लोकांची तोंडं उतरतात, जशी काही मी त्यांना फसवलं. पोरीला पुस्तक पाहिजे होतं. तिला ते मिळालं, एक नाही, अण्णांच्या पिशवीत मावतील तितकी मिळाली. एवढंच होतं. एवढ्यासाठी खोली गेली तर गेली. परत तशी वेळ आली तर परत जाईल, मी सामान बांधून बसेन.

शुक्रवारी मी त्या लायब्ररीत बसले होते, चाय वर आली होती. कुल्हडातली वाफ आणि एरंडेलाचा वास. ऊन खिडकीतून आत येत होतं आणि जमिनीवर त्याच्या पट्ट्या पडल्या होत्या. मी उठून खिडकीशी गेले. जाड लोखंडी गज आहेत. त्या नागपंचमीनंतर पंधरवड्याच्या आतच बसवले होते, आम्ही कोठरीत असतानाच. लोहाराची ठाकठुक ऐकत मी तेव्हा भाकरी भाजत होते. आता गंजलेत. मी हात लावला तर तांबडा चुरा निघाला. खाली अखाड्याची माती, कुणीतरी नुकतीच खणलेली.

अण्णांचा नातू मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, काकू, हात खराब होतील. खूप जुने आहेत ते. आजोबांच्या वेळेस माकडं फार यायची म्हणे, पुस्तकं उचलून न्यायची, म्हणून लावले.

मी त्याच्याकडे बघितलं. खरंच माहीत नव्हतं त्याला. कुणी सांगितलंच नसेल. मी चुरा पदराला पुसला.

म्हटलं, "माकडांसाठी नाहीत रे ते. माझ्या वैजूसाठी लावलेत. कुणी विचारलं तर असंच सांगत जा."